वाचकांचे प्रश्न : राज्यशास्त्राची प्रादेशिक परिषद भरवताना

जून उजाडला की महाविद्यालयांत ‘यंदा तुमच्या विभागाने परिषद घ्यावी’ अशी पत्रे फिरू लागतात. त्या निमित्ताने आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून त्यांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या विभागात आम्ही तिघेच शिक्षक. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील प्राध्यापक व संशोधकांसाठी जानेवारीअखेर दोन दिवसांची परिषद घ्यायची आहे. सुरुवात कुठून करावी? (हडपसर)

उत्तर : निबंध किती वाचले जाणार, हा आकडा आधी ठरवा. खोल्या, ताटे, सत्राध्यक्ष, खर्च, नंतर निघणारे पुस्तक, सगळे त्यावर अवलंबून असते. बहुतेक ठिकाणी गाडे उलटे चालते. पत्रक निघते, गोषवारे येत राहतात, कोणाला नाही म्हणवत नाही आणि आदल्या रात्री ऐंशी निबंध दोन दिवसांत कोंबायची वेळ येते. मग प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे, आणि प्रश्नोत्तरे ‘वेळेअभावी’ रद्द.

हिशेब असा करा. एक सत्र ९० मिनिटांचे. चार निबंध, प्रत्येकी १५ मिनिटे, म्हणजे ६० मिनिटे. भाष्यकाराला, म्हणजे चारही निबंधांवर टिप्पणी करणाऱ्याला, १०. उरलेली २० श्रोत्यांच्या प्रश्नांना. पाचवा निबंध घेतला की प्रश्नांना पाच मिनिटेच उरतात, म्हणजे प्रत्यक्षात काहीच उरत नाही. दोन दिवसांत उद्घाटन, बीजभाषण, जेवण आणि समारोप वजा जाता ९० मिनिटांचे चार टप्पे बसतात : दोन पहिल्या दिवशी दुपारी, दोन दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन खोल्यांत समांतर सत्रे ठेवली तर आठ सत्रे आणि ३२ निबंध. तिसरी खोली घेण्याचा मोह टाळा. प्रत्येक खोलीला एक सत्राध्यक्ष, एक भाष्यकार, वेळ दाखवणारा एक आणि संगणक सांभाळणारा एक अशी चार माणसे लागतात. शिवाय श्रोते तेवढेच असतात. तीन ठिकाणी वाटले की निबंधवाचक एकमेकांनाच ऐकवत बसतात.

स्वीकारलेल्यांपैकी पाचात एक जण ऐनवेळी येत नाही असे धरून चाळीसच्या आसपास गोषवारे स्वीकारा. अंदाजापेक्षा दोन-तीन जण जास्त आले तर दोन-तीन सत्रांत पाचवा निबंध घ्यावा लागेल, तेवढे सोसते.

आता तारखा, मागून पुढे मोजत. परिषद जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात धरली तर निबंध भाष्यकारांच्या हाती ५ जानेवारीला पडायला हवेत, म्हणून पूर्ण निबंधाची मुदत १० डिसेंबर. मध्ये साडेतीन आठवडे राखले, कारण निम्मे लोक मुदतीनंतरच पाठवतात. स्वीकृती कळवायची ती सप्टेंबरअखेर; त्यानंतर नवरात्र, सत्रपरीक्षा आणि दिवाळीच्या गर्दीत पत्रे वाचली जात नाहीत. म्हणजे तीनशे शब्दांच्या गोषवाऱ्याची मुदत १० सप्टेंबर आणि पत्रक जुलैत बाहेर. अनुदानाचे अर्ज आणि संस्थेची परवानगी त्याही आधी, जूनमध्ये.

तिघांत कामाची वाटणी करताना एक जण फक्त निबंध आणि सत्रे पाहील, एक जण फक्त पैसे, एक जण फक्त व्यवस्था. ‘सगळ्यांनी मिळून सगळे’ ठरले की दोन भाष्यकारांना एकच निबंध जातो आणि तिसरा निबंध कोणाकडेच जात नाही.

प्रश्न : प्राचार्यांचा आग्रह ‘भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने’ या विषयाचा आहे. तो फार मोठा वाटतो, पण छोटा विषय घेतला तर निबंध येणार नाहीत अशी भीती आहे. (चाकण)

उत्तर : भीती उलटी आहे. मोठ्या विषयाला निबंध खूप येतात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. जातीचे राजकारण, पर्यावरण, समाजमाध्यमे आणि परराष्ट्र धोरण एकाच सत्रात आले की भाष्यकाराला ‘चारही निबंध अभ्यासपूर्ण आहेत’ एवढेच म्हणता येते.

विषय असा हवा की आपल्या टापूतला संशोधक त्यासाठी स्वतः जाऊन कागद पाहू शकेल. एक उदाहरण घेऊ. पुणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली आणि मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. राज्यघटनेचे कलम २४३-यू म्हणते की मुदत पाच वर्षांची आणि नवी निवडणूक ती संपण्यापूर्वी. तरी प्रशासक आला. नाशिक महापालिकेतही तेच झाले, पुणे जिल्हा परिषदेतही. अहिल्यानगर महापालिकेची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली. म्हणजे ‘निवडून आलेल्या सभागृहाविना स्थानिक शासन’ हा विषय तिन्ही जिल्ह्यांना सारखा लागू पडतो.

त्याचे पाच-सहा उपविषय सहज निघतात. आयुक्तच प्रशासक असल्यावर अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. मग स्थायी समिती आणि मुख्य सभेत होणारी काटछाट कुठे गेली? इतर मागासवर्गाच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात पुन्हा ठणकावलेली तिहेरी चाचणी, म्हणजे समर्पित आयोग, प्रत्येक स्थानिक संस्थेनिहाय आकडेवारी आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा. प्रभाग चार सदस्यांचा की तीन, हा सतत बदलणारा खेळ. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्यांतल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांना पुढे बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली, तिथल्या रहिवाशाने गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे? नगरसेवक नसताना नळाची तक्रार कोणी सोडवली?

प्राचार्यांचे मन राखायचे तर त्यांचे शीर्षक वर ठेवा आणि खाली उपशीर्षक स्पष्ट द्या. मात्र दोन पानी संकल्पना टिपणात कोणत्या प्रश्नांवर निबंध हवेत आणि कोणती साधने हाताशी आहेत (मुख्य सभेची इतिवृत्ते, अंदाजपत्रके, राज्य निवडणूक आयोगाचे निकाल, माहिती अधिकारातील उत्तरे) हे लिहाच. टिपणात प्रश्न नसतील तर येणाऱ्या निबंधांत पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्येच पुन्हा क्रमाने येतील.

प्रश्न : ‘प्रादेशिक’ ऐवजी ‘राष्ट्रीय परिषद’ म्हटले तर जास्त लोक येतील का? (भोसरी)

उत्तर : येतील, एका गुणासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी निबंधवाचनाला राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २, राष्ट्रीय पातळीवर ३, देशात झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५ आणि परदेशातील परिषदेला ७ गुण आहेत. फलकावर ‘राष्ट्रीय’ लिहून निबंधवाचक तीन तालुक्यांतले असतील तर पदोन्नतीच्या छाननीत ते प्रमाणपत्र घेऊन बसलेल्यालाच उत्तर द्यावे लागते. प्रादेशिक परिषद ही कमी दर्जाची परिषद नव्हे, तो वेगळा प्रकार आहे.

प्रश्न : ‘निबंध यूजीसी केअर यादीतील नियतकालिकात प्रसिद्ध करून देऊ’ असे सांगणारे एक प्रकाशक भेटले. निबंधामागे शुल्क घेतात. आयएसबीएनचे पुस्तकही देतात. स्वीकारावे का? (पिंपरी)

उत्तर : नका स्वीकारू. केअर यादीच, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिकाचा दर्जा जोखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आहे. जी यादी चालू नाही तिचे नाव सांगून कोणी शुल्क मागत असेल तर पुढचे बोलणे वाढवू नये.

आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक. दोन्हींचा मजकुराच्या गुणवत्तेशी काडीचा संबंध नाही. गाडीला नंबर प्लेट असली म्हणजे ब्रेक चांगले असतात असे नव्हे. तरीही परिषदेच्या दिवशीच वाटायला सहाशे पानी ग्रंथ छापून घेण्याची प्रथा पडली आहे. त्यात चर्चेनंतर सुचलेली एकही दुरुस्ती असू शकत नाही, कारण चर्चा व्हायच्या आतच छपाई झालेली असते. आणि एक व्यवहाराची गोष्ट : २०१८ च्या त्याच नियमावलीप्रमाणे वाचलेला निबंध संपादित ग्रंथात किंवा कार्यवृत्तात आला तर त्याचे गुण एकदाच मागता येतात. दुहेरी लाभाचे आमिष पोकळ आहे.

त्याऐवजी परिषदेच्या दिवशी फक्त गोषवाऱ्यांची पुस्तिका द्या, साठेक पानांची. परिषद संपल्यावर निबंधवाचकांना सहा आठवडे द्या आणि सुधारलेले निबंध मागवा. ते दोन परीक्षकांकडे, लेखकाचे नाव काढून, पाठवा. ३२ पैकी दहा-बारा टिकतील. त्यांचे संपादन, संदर्भांची एकच पद्धत, मुद्रितशोधन यांत आठ-नऊ महिने सहज जातात. नाकारलेल्यांना दोन ओळींत कारण कळवा. कटुता येते ती नकारापेक्षा मौनाने.

वाङ्मयचौर्याची तपासणी करताना एक लक्षात ठेवा. आयोगाच्या २०१८ च्या चौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण मराठी मजकुराचे साम्य शोधण्यात ही यंत्रे लंगडी पडतात, आणि इंग्रजी लेखाचा सरळ अनुवाद करून दिला तर शून्य टक्के दाखवतात. तिथे परीक्षकाचा डोळाच लागतो. परिच्छेदाच्या मध्येच वाक्यरचना अवघडली, उदाहरणे अचानक परदेशी झाली, की थांबून पाहावे.

प्रश्न : पैसे कुठून आणावेत? नोंदणी शुल्क किती ठेवावे? (सिन्नर)

उत्तर : तीन वाटा आहेत. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे अनुदान (तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आहे), पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांसाठी विद्यापीठाची गुणवत्ता सुधार योजना, आणि स्वतःची संस्था. अर्जात संकल्पना टिपण, वक्त्यांची संमती आणि खर्चाच्या शीर्षकांनुसार अंदाजपत्रक लागते. संमती म्हणजे फोनवरचे ‘येतो की’ नव्हे. ईमेलची प्रत हवी.

शुल्क ठरवताना खर्चाचे दोन ढीग करा. माणूस वाढला की वाढणारा खर्च : जेवण, चहा, फोल्डर, पुस्तिका. माणूस वाढला तरी तोच राहणारा खर्च : सभागृह, ध्वनिव्यवस्था, बीजभाषकाचा प्रवास आणि निवास, भाष्यकारांचे मानधन. पहिला ढीग शुल्कातून भागवा, दुसरा अनुदानातून. दुसराही शुल्कावर टाकला की तूट भरायला निबंध वाढवण्याची घाई सुरू होते आणि वरचा ३२ चा आकडा कोलमडतो. संशोधक विद्यार्थ्यांना निम्मे शुल्क, आणि ऐकायला येणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्यांना जेवण वगळून प्रवेश मोफत.

हिशेबात अडते ते नेहमी त्याच जागी. बिल महाविद्यालयाच्या नावाने नसते, शिक्षकाच्या नावाने असते. बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची असते. एका शीर्षकातले वाचलेले पैसे न विचारता दुसऱ्यात वापरलेले असतात. वक्ता तिकीट परत द्यायला विसरतो. म्हणून प्रवासभत्त्याचा अर्ज आणि तिकिटाची प्रत त्याच्या सत्राच्या आधी घ्या, निघताना नव्हे. अनुदानाचा शेवटचा हप्ता सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले उपयोगिता प्रमाणपत्र आणि अहवाल गेल्याशिवाय येत नाही, त्यामुळे तेवढी रक्कम संस्थेकडून अग्रिम मंजूर करून ठेवा. नाहीतर मंडपवाला विभागप्रमुखांच्या घरी फोन करतो.

प्रश्न : मराठीत आलेले निबंध आमच्या संगणकावर उघडतच नाहीत, चिन्हांचा काला दिसतो. (संगमनेर)

उत्तर : ते जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) आहेत. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या टंकांत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो. तो टंक तुमच्याकडे नसेल तर खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. पीडीएफ केली तर दिसते नीट, पण तीत शोध चालत नाही आणि साम्य तपासणारे यंत्रही ती वाचू शकत नाही. म्हणून पत्रकातच लिहा : युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल, सोबत पीडीएफ, चार ते पाच हजार शब्द. टंक मंगल, कोकिळा किंवा नोटो, काहीही चालेल. युनिकोड असल्याशी मतलब.

जुना मजकूर परिवर्तकातून बदलून घेता येतो, पण नंतर डोळ्यांखालून घालायलाच हवा. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र, ‘राष्ट्र’ सारखी जोडाक्षरे, पहिली वेलांटी आणि अंक इथे हमखास गोंधळ होतो. कलम २४३ चे २४८ झालेले एखाद्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात बरे दिसत नाही. पुस्तिका इनडिझाइनमध्ये लावणाऱ्याला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला सांगा, नाहीतर जोडाक्षरे पाय मोडून पडतात.

प्रश्न : पुण्यात परिषद घेताना तारीख, प्रवास, जेवण यांबाबत काय पाहावे? (कोथरूड)

उत्तर : टाळायच्या तारखा आधी खोडून काढा. गणेशोत्सव, ज्येष्ठात पालख्या शहरात मुक्कामी असतात ते दिवस, आणि १ जानेवारी. त्या दिवशी पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला येणाऱ्या गर्दीमुळे नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते आणि अहिल्यानगर-संभाजीनगरकडची मंडळी अडकतात. २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला तर द्रुतगती मार्ग तुंबतो आणि खोल्या महागतात. निवडणूक जाहीर होण्याची चिन्हे असतील तर तारीख पुढे ढकला. आचारसंहितेचा प्रश्न पाहुण्यांपुरता असतो, पण तुमचे निम्मे निबंधवाचक निवडणुकीच्या कामावर आणि प्रशिक्षणाला जातात.

पत्रकात ‘बसस्थानकावरून रिक्षाने या’ एवढे पुरत नाही. साताऱ्या-सोलापूरकडून येणारा स्वारगेटला उतरतो आणि तिथून त्याला मेट्रो आहे. नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या गाड्यांचे शिवाजीनगर स्थानक २०१९ च्या अखेरीपासून वाकडेवाडीला आहे. जुन्या जागी उतरवा म्हणून वाहकाशी वाद घालणारे अजून भेटतात. नकाशापेक्षा मेट्रो स्थानकाचे नाव आणि चालत किती मिनिटे, हे लिहा.

जेवणाचा आकडा असा येतो : ३२ निबंधवाचक, १० निमंत्रित, ३० श्रोते, १५ स्वयंसेवक, ८ कर्मचारी, एकूण ९५. केटररला पक्का आकडा आदल्या संध्याकाळी द्यायचा आणि कुपनावर दिवस छापायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरगावचे लोक निघू लागतात, तेव्हा ८० ताटे पुरतात. आकडा फसतो तो उद्घाटनाला. सभागृह भरलेले दिसावे म्हणून प्रथम वर्षाचे दोनशे विद्यार्थी आणून बसवले जातात आणि ते तसेच जेवणाच्या रांगेत येतात. त्यांना चहा-बिस्किटे देऊन तासाला पाठवा. दिनदर्शिकेत चतुर्थी किंवा एकादशी असेल तर पंधरा-वीस जणांची साबुदाण्याची खिचडी वेगळी सांगा.

प्रश्न : उद्घाटनाचे पाहुणे उशिरा येतात आणि पुढचे सगळे कोसळते. उपाय? (बारामती)

उत्तर : बीजभाषण आधी, उद्घाटन नंतर. साडेनऊला बीजभाषण सुरू करा. पाहुणे आले की त्याला जोडून अर्ध्या तासाचा समारंभ. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रत्येकाला शाल-श्रीफळ, मनोगते आणि आभार हा सगळा सरंजाम मांडला तर दीड तास जातो, म्हणजे एक अख्खे सत्र, चार निबंध. सत्कार एकदम करा, एकेकाचे नको.

लोकप्रतिनिधींना बोलावूच नये असे मात्र नाही. राज्यशास्त्रासाठी ते पाहुण्यांपेक्षा साक्षीदार म्हणून अधिक उपयोगी. माजी नगरसेविका, सरपंच, निवृत्त मुख्याधिकारी असे चार जण घ्या, दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वा तासाची गोलमेज चर्चा ठेवा, भाषण नाही, सूत्रधाराने विचारायचे आणि त्यांनी सांगायचे. वेगवेगळ्या पक्षांचे असावेत, आणि हे निमंत्रण देतानाच कळवावे.

सत्राध्यक्ष वेळ पाळत नसतील तर दोष बहुधा त्यांना न दिलेल्या सूचनेचा असतो. आठवडाभर आधी एक पान पाठवा : कोण, किती मिनिटे, कोणत्या क्रमाने, अध्यक्षीय समारोप नाही. पुढच्या रांगेत विद्यार्थिनी बसवून तीन मिनिटे उरल्यावर पिवळे आणि संपल्यावर लाल कार्ड दाखवायला सांगा. मोठ्या प्राध्यापकांना लाल कार्ड दाखवायला मुले कचरतात, त्यामुळे ‘सर्वांना दाखवायचे’ हे उद्घाटनातच जाहीर करा.

प्रश्न : निबंध न वाचता प्रमाणपत्र मागणाऱ्यांचे काय करावे? (मंचर)

उत्तर : प्रमाणपत्रे नोंदणीच्या टेबलावर ठेवू नका. ज्या सत्रात निबंध वाचला त्याच्या शेवटी, सत्राध्यक्षांची सही असलेल्या यादीवरून द्या. सादरीकरणाचे आणि सहभागाचे प्रमाणपत्र वेगळे, सहभागाचे समारोपानंतर. सहलेखक दोघे असतील तर जो हजर असेल त्याच्या नावाने सादरीकरण. जो आलाच नाही त्याला काहीही नाही. शुल्क भरले असेल तर गोषवाऱ्यांची पुस्तिका टपालाने पाठवा. हे चारही नियम जुलैच्या पत्रकात छापलेले असले की जानेवारीत टेबलापुढे वाद घालावा लागत नाही.